संगणकातला तोतया सफाईवाला : ओळख आणि बंदोबस्त

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून पत्रकरूपाने.)



या कार्यक्रमात तुम्ही बोंडअळीबद्दल ऐकता, मिरचीवरच्या चुरडामुरड्याबद्दल ऐकता, मक्यावरच्या लष्करी अळीबद्दल ऐकता. आज मी ज्या किडीबद्दल बोलणार आहे ती शेतात नाही, टेबलावर आहे. ती पानं खात नाही, पण आपला पैसा खाते, वेळ खाते आणि कधी कधी आपल्या कागदपत्रांपर्यंत पोचते. ही कीड म्हणजे संगणक साफ करून देतो असे सांगून आत शिरणारा तोतया प्रोग्राम.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला याच्याशी काय करायचे? तर बघा. सातबारा आता संगणकावर निघतो. पीक विमा, अनुदान, ठिबकचा अर्ज, सगळे संगणकावर भरावे लागते. गावात ग्रामपंचायतीत संगणक आहे, शाळेत आहे, दूध संकलनाच्या जागी आहे आणि शिकणाऱ्या पोरांच्या घरीही आहे. त्या यंत्राला कीड लागली तर नुकसान यंत्राच्या मालकाचे होतेच, पण ज्यांचे कागद त्या यंत्रात आहेत त्यांचेही होते.

माझाच अनुभव

मी भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे लहानसे दुकान चालवतो. जुलै महिना होता. खरिपाच्या विम्याची गर्दी होती. दुकानासमोर सकाळी सातपासून माणसे बसलेली. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, पीकपेरा असे चार कागद एकत्र जोडून फाइल लहान करायची होती. माझ्याकडचा प्रोग्राम चालेना, म्हणून इंटरनेटवर शोधले आणि जो पहिला दिसला तो फुकटचा प्रोग्राम घेतला. घाईत होतो. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलो. काय लिहिलेय ते वाचले नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर पडद्यावर भला मोठा लाल फलक. “तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले. ताबडतोब दुरुस्त करा.” खाली घड्याळ उलटे धावतेय. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारले, “बाळा, हे लाल लाल काय दाखवायलंय? आमचा विमा बुडतो का काय?” माझे हातपाय गळाले. त्या प्रोग्रामने अठराशे रुपये मागितले, मी कार्डावरून भरले. दोष काही गेले नाहीत. उलट एक फोन नंबर आला. तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, “मी इथूनच तुमचा संगणक बघतो, फक्त हा एक प्रोग्राम टाका आणि नंबर सांगा.” मी तेही केले. माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरू लागला. तेवढ्यात शाळेतले एक सर दुकानात आले. त्यांनी एक शब्दही न बोलता इंटरनेटची वायर उपटली.

त्या संगणकात चाळीसएक शेतकऱ्यांचे आधार आणि पासबुक होते. अठराशे रुपयांचे मला दुःख नाही. पण त्या चाळीस घरी जाऊन “तुमचे कागद कदाचित परक्याने पाहिले असतील, खात्यावर लक्ष ठेवा” हे सांगताना मान वर होत नव्हती. म्हणून आज हे बोलतोय. माझी ठेच तुम्हाला शहाणपण देऊन जावी एवढीच इच्छा.

किडीची ओळख

गाजरगवत तुम्हा सर्वांच्या ओळखीचे आहे. आपण त्याला काँग्रेस गवतही म्हणतो. १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात त्याची नोंद झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आपल्याकडे आले असे सांगतात. कुणी ते मुद्दाम पेरले नव्हते. चांगल्या मालाबरोबर लपून आले आणि बांध, रस्ते, पडीक जमीन व्यापून बसले. तोतया सफाईवाला असाच येतो. फुकटच्या चांगल्या प्रोग्रामच्या पोत्यात त्याचे बी मिसळलेले असते. पोते न पाहता ओतले की बी आपल्या शेतात पडते.

त्याची लक्षणे अशी :

१. आपण बोलावलेले नसताना तो तपासणी सुरू करतो आणि मिनिटाभरात शेकडो दोष दाखवतो.

२. तपासणी फुकट, पण दुरुस्तीला पैसे मागतो.

३. लाल रंग, उलटे घड्याळ, भोंगा, “आत्ताच करा” अशी भाषा वापरून घाबरवतो.

४. फोन नंबर देतो. विंडोज किंवा ब्राउझरची खरी सूचना कधीही फोन नंबर देऊन “इथे फोन करा” असे सांगत नाही.

५. काढायला गेले की निघत नाही, किंवा निघाला तरी पुन्हा उगवतो.

हे शेकडो दोष असतात तरी काय? बहुतेक वेळा तात्पुरत्या फाइली, वेबसाइटच्या लहान खुणा आणि रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी. रजिस्ट्री म्हणजे संगणकाची नोंदवही. आपल्या गावच्या दप्तरात जुना फेरफार तसाच राहिला म्हणून शेतातले पीक खुरटते का? नाही. तसेच या जुन्या नोंदींमुळे संगणक मंद होत नाही. विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच सांगते की रजिस्ट्री साफ करणारे असले प्रोग्राम वापरू नका, त्यांनी नुकसान होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा ऐका. जो रोग सांगतो तोच औषध विकतो, आणि औषध घेतल्याशिवाय रोग काय ते दाखवत नाही, अशा वैद्याचा निदानावर विश्वास ठेवू नये. गावात आलेला अनोळखी माणूस तुमच्या कपाशीकडे न बघताच “मर लागली, ही बाटली घ्या” म्हणाला, तर तुम्ही घ्याल का?

ही फसवणूक फक्त खेड्यातल्या भोळ्या माणसाची होते असे समजू नका. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानांच्या मोठ्या साखळीत ग्राहकांचे संगणक फुकट तपासून देत. तपासणीआधी चार प्रश्न असत : संगणक मंद झालाय का, बंद पडतो का, अशा प्रकारचे. तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप असा होता की एकाही प्रश्नाला ‘हो’ म्हटले की यंत्रात काही असो वा नसो, निकाल विषाणूच्या लक्षणांचा येई. २०१९ साली हे प्रकरण मिटवताना ऑफिस डेपो आणि तो प्रोग्राम पुरवणारी कंपनी यांना मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरावे लागले. २०२४ साली रिस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसमधल्या दोन कंपन्यांनी अशाच आरोपांत २ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आपल्या देशातही ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात संगणक दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांचीही प्रकरणे होती. तेव्हा फसलात तर लाजू नका. लाज लपवण्यात वेळ गेला की चोराचेच फावते.

बंदोबस्त : मुळासकट काढणे

गाजरगवत वरून कापले तर पुन्हा फुटते. फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे लागते. इथेही तोच क्रम आहे. खालील कामे एकामागून एक करा.

पहिले काम : इंटरनेट तोडा. वायर काढा किंवा वायफाय बंद करा. पैसे भरू नका, फोन लावू नका. लाल फलक बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझर किंवा त्या प्रोग्रामच्या नावावर जाऊन ‘एंड टास्क’ करा. पुष्कळदा तो फलक म्हणजे नुसते वेबपान असते, आत काहीच शिरलेले नसते. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर “आधीची पाने परत आणू का?” असे विचारले तर नाही म्हणा.

दुसरे काम : आपले कागद वाचवा. पूर आला की आधी जनावरे सोडतो, तसे आपले फोटो, अर्ज, हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. प्रोग्रामच्या फाइली घेऊ नका, नाहीतर बी पुन्हा बरोबर येईल.

तिसरे काम : प्रोग्राम काढा. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडा. विंडोज १० मध्ये त्याच जागी ‘ॲप्स अँड फीचर्स’ असते. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी जेवढे नवे आले तेवढे तपासा, कारण तोतया सहसा एकटा येत नाही. अनोळखी नाव ‘अनइन्स्टॉल’ करा. काढताना तो गयावया करील : “एक महिना फुकट घ्या”, “संगणक धोक्यात जाईल”. त्याची बटणेही फसवी असतात. ‘ठेवा’ हे मोठे आणि रंगीत, ‘काढा’ हे बारीक आणि पुसट. वाचूनच दाबा. निघतच नसेल तर शिफ्टचे बटण धरून ‘रीस्टार्ट’ करा. निळा पडदा येईल. त्यात ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा रीस्टार्ट करा आणि ४ चा आकडा दाबा. याला सेफ मोड म्हणतात. यात फक्त गरजेपुरते प्रोग्राम चालतात, म्हणून तोतया बहुधा झोपलेला सापडतो.

चौथे काम : मुळे शोधा. ती चार ठिकाणी असतात.

एक, टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ विभाग. संगणक सुरू होताच जे चालू होते त्याची ती यादी. तोतयाचे नाव दिसले तर ‘डिसेबल’ करा.

दोन, ‘टास्क शेड्यूलर’. ठरलेल्या वेळी काम सुरू करणारी ही यादी. काढलेल्या प्रोग्रामच्या नावाचे काम राहिले असेल तेवढेच पुसा. इतर नोंदींना हात लावू नका, त्या विंडोजच्या कामाच्या असतात.

तीन, ब्राउझरची ‘एक्स्टेन्शन्स’. तुम्ही स्वतः न टाकलेले काढून टाका.

चार, ब्राउझरमधल्या ‘नोटिफिकेशन्स’. कधीतरी एखाद्या पानावर आपण ‘अलाऊ’ दाबलेले असते आणि मग कोपऱ्यात “विषाणू सापडला” अशा चिठ्ठ्या येत राहतात. क्रोममध्ये सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन अनोळखी पत्ते काढा. माझ्या दुकानात “व्हायरस आला” म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचे दुखणे एवढ्यानेच बरे होते.

पाचवे काम : पूर्ण तपासणी. इंटरनेट जोडा, ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून आधी तिची नवी माहिती घेऊ द्या आणि ‘फुल स्कॅन’ करा. याला तास-दोन तास लागतील, घाई करू नका. नंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ करा. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधी तपासणी होते. त्याच जागी ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. हे सगळे विंडोजबरोबरच येते, वेगळे पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही विषाणू काढण्याची साधने फुकट मिळतात.

सहावे काम, फक्त माझ्यासारख्या फसलेल्यांसाठी : पैसे भरले असतील तर बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार होते. परक्याच्या हातात संगणक दिला असेल तर नुसते काढून भागत नाही. कागद वाचवून विंडोज नव्याने टाकून घ्या. ईमेल, बँक, सेवा केंद्राचे लॉगिन यांचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदला. आणि ज्यांचे कागद त्यात होते त्यांना सांगा. हे सगळ्यात अवघड काम आहे, पण ते टाळू नका.

पुन्हा उगवू नये म्हणून

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी बघतो, पावती घेतो. प्रोग्रामचेही तसेच करा. तो ज्याने बनवला त्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर जे येते ते पुष्कळदा जाहिरात असते, त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेले असते. टाकताना ‘कस्टम’ निवडा आणि आधीच खूण केलेले चौकोन बघून पुसा.

रोजच्या कामाला साधे खाते वापरा, मालकी हक्काचे म्हणजे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खाते वेगळे ठेवून त्याला पासवर्ड द्या. गड्याच्या हाती तिजोरीची किल्ली नसली की चोराला गडी फसवून उपयोग होत नाही. विषाणूरोधक प्रोग्राम एकच ठेवा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. सगळेच विकतचे प्रोग्राम खोटे असतात असेही नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात क्विक हील उभे केले, ते आपल्याच मातीतले. मुद्दा एवढाच की औषध आपण निवडावे, दारावर आलेल्याचे घेऊ नये.

आणि संगणक खरोखर मंद झाला असेल तर? विंडोजमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ आणि ‘डिस्क क्लीनअप’ ही फुकटची झाडू आहेच. वर्षातून दोनदा वीज बंद करून पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढा; कापूस-मक्याच्या दिवसांत आपल्याकडे ती फार साचते. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घातली तर म्हातारे यंत्रही पळू लागते. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली आहे, तेव्हा बँकेचे काम करणारे यंत्र शक्य तितक्या लवकर विंडोज ११ वर न्या.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : संगणकवाल्याने सांगितले, सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल. दरवेळी तसे करावे लागते का?
उत्तर : नाही. परक्याने संगणक चालवला असेल किंवा वरची कामे करूनही तोतया परत उगवत असेल तरच. आणि आधी कागद उतरवून घेतल्याशिवाय कुणालाही पुसू देऊ नका.

प्रश्न : मोबाईलमधले ‘क्लीनर’ ॲप चांगले का?
उत्तर : गरज नाही. मोबाईल स्वतःची जागा स्वतः सांभाळतो. असले ॲप काढून टाका, कमी वापराचे फोटो-व्हिडिओ पुसा, तेवढे पुरे.

प्रश्न : आमच्या सेवा केंद्रात आमचे आधार साठवून ठेवतात. काय करावे?
उत्तर : हक्काने विचारा. अर्ज भरून पोच मिळाली की प्रत पुसायला सांगा. मी आता माझ्या दुकानात दर शनिवारी ते करतो, आणि समोर बसलेल्या माणसाला पुसलेले दाखवतो.

त्या जुलैत विम्याचे सगळे अर्ज वेळेत गेले. सरांच्या घरचा संगणक उचलून दुकानात आणला आणि रात्री बारापर्यंत बसलो. ते म्हातारे काका पोच घेऊन निघाले तेव्हा म्हणाले, “लाल पाटी दिसली की हात बांधून बसायचं, एवढं कळलं मला.” बंधूंनो, एवढे कळले की निम्मे तण निघाले. उरलेले निम्मे मुळासकट उपटायची रीत या पत्रकात आहे. ते संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.

रामराम.